सीओपीडीचे जैविक उपप्रकार डेटातून खरंच सापडतात का?

प्रश्न असा आहे. नागपुरात श्वसनरोग विषयात एमडी करणाऱ्या एका निवासी डॉक्टरांच्या विभागात सीओपीडी (श्वासनलिका व फुप्फुसं कायमची खराब होऊन दम लागण्याचा आजार) रुग्णांच्या काही वर्षांच्या नोंदी साठल्या आहेत. स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजणारी तपासणी) सगळ्यांची आहे, सीटी स्कॅन बऱ्याच जणांचे आहेत, रक्ताचे नेहमीचे अहवाल आहेत. त्यांचा इंजिनिअर भाऊ म्हणतो, एक्सेल दे, क्लस्टरिंग करून, म्हणजे सारख्या रुग्णांचे संगणकावर गट पाडून, आठवडाभरात उपप्रकार काढून देतो. त्या विचारतात: हे जमतं का? कोणती पद्धत घ्यावी? किती रुग्ण लागतील? आणि यातून आमच्या रुग्णांना काही मिळेल का?

डॉक्टर, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीची उत्तरं त्यावर ठरतात.

मिळू शकतं. उपप्रकार ओळखल्यामुळे उपचार बदलला, याची पक्की उदाहरणं आपल्याकडे आहेत. १९६३ साली स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन रक्तातल्या प्रथिनांच्या इलेक्ट्रोफोरेसिसच्या (विजेच्या प्रवाहाने प्रथिनं वेगळी करण्याच्या तपासणीच्या) पट्ट्या बघत होते. काही जणांत अल्फा-१चा पट्टा गायब होता, आणि त्यातल्या काहींना तरुण वयातच एम्फिसेमा (फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या नष्ट होणं) झालेला होता. अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या फुप्फुसाचं रक्षण करणाऱ्या प्रथिनाची कमतरता तिथे सापडली. पुढे २००३ साली अमेरिकेतल्या १,२१८ रुग्णांच्या चाचणीत एम्फिसेमाने पोखरलेला फुप्फुसाचा भाग कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेची तपासणी झाली. सगळ्यांची सरासरी काढली तर आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. पण एम्फिसेमा मुख्यतः फुप्फुसाच्या वरच्या खंडात (लोबमध्ये) आणि व्यायामाची क्षमता कमी, अशा रुग्णांमध्ये मृत्यू स्पष्टपणे कमी झाले. सरासरीवर थांबले असते तर या लोकांचा फायदा बुडाला असता. तिसरं उदाहरण तुम्ही रोज वापरता: रक्तात इओसिनोफिल (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) प्रति घनमिलीमीटर ३०० किंवा जास्त असतील तर इन्हेलरमधल्या स्टेरॉइडचा फायदा होण्याची शक्यता चांगली, १००च्या खाली असतील तर फारच कमी. त्याच धाग्यावर पुढे जात सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत ड्युपिलुमॅब या औषधाला इओसिनोफिल वाढलेल्या सीओपीडीसाठी मंजुरी मिळाली.

या तिन्हींतला एकही उपप्रकार संगणकाला "गट पाड" असं सांगून सापडलेला नाही, हे मात्र ध्यानात घ्या. प्रत्येकामागे एखादी यंत्रणा होती, किंवा छातीठोकपणे मोजता येईल असं एखादं माप होतं.

मग क्लस्टरिंगने काय दिलं? २०१७ साली उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या दहा वेगवेगळ्या समूहांतल्या १७,१४६ जणांवर एकाच पद्धतीने क्लस्टरिंग करून पाहिलं गेलं. एका समूहात निघालेले गट दुसऱ्या समूहात नीट जुळले नाहीत. जास्त टिकून राहिले ते सलग अक्ष: म्हणजे रुग्णाला एखाद्या डब्यात न टाकता एम्फिसेमा किती, श्वासनलिकांचा आजार किती, अशा दोन-तीन मापांवर त्याची जागा दाखवणं. संत्र्याच्या फाका निसर्गाने पाडलेल्या असतात, टरबुजाच्या फोडी सुरीने. सीओपीडीच्या बाबतीत आपण बहुतेक वेळा टरबूज कापत असतो. के-मीन्सला (गट पाडण्याची एक नेहमीची पद्धत) तुम्ही चार गट मागितलेत तर तो चार देईल, सहा मागितलेत तर सहा. ज्यात एकही गट नाही अशा आकड्यांतूनही देईल. तुमच्या भावाला हे कळतंच असेल, पण आकडे रुग्णांचे असले की निघालेल्या गटाला लगेच रोगाचं नाव द्यायचा मोह होतो. तो आवरायला हवा.

क्लस्टरिंग कुचकामी आहे असं मात्र मुळीच नाही. २०११ साली लेस्टरच्या चमूने सीओपीडी अचानक बळावलेल्या रुग्णांच्या थुंकीतल्या आणि रक्तातल्या मोजमापांवरून चार गट काढले: जिवाणूप्रधान, विषाणूप्रधान, इओसिनोफिलप्रधान आणि ज्यात दाहाची फारशी हालचालच नाही असा चौथा. हे गट पटतात, कारण त्यांनी जीवशास्त्रच मोजलं होतं. नुसतं वय, वजन आणि एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा) टाकून काढलेले गट नव्हते ते. दुसरा चांगला मार्ग २०२० साली पुढे आला. आजार किती पुढे गेला आणि तो कोणत्या उपप्रकाराचा, यांची गल्लत होते, हे ओळखून संशोधकांनी मॉडेलला दोन्ही एकदम शोधायला लावलं. सीटीच्या मोजमापांवरून दोन वाटा दिसल्या. सुमारे सत्तर टक्के लोकांत आधी फुप्फुसाची ऊती खराब होते, मग श्वासनलिका, उरलेल्यांत उलट. ही गल्लत कायम डोक्यात ठेवा. तुमच्या एक्सेलवर साधं क्लस्टरिंग केलंत तर बहुधा तीन गट निघतील: सौम्य, मध्यम, तीव्र. तो एकाच आजाराचा वेगवेगळा टप्पा असतो, उपप्रकार नव्हे.

आता विदर्भाकडे येऊ, कारण माझा खरा आग्रह इथे आहे. वर सांगितलेले बहुतेक अभ्यास सिगारेट ओढणाऱ्या लोकांवरचे. आपल्या ओपीडीत समोर कोण बसतं? उमरेडकडची साठीची बाई, आयुष्यात बिडीला हात लावलेला नाही, पण तीस-पस्तीस वर्षं पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांवर स्वयंपाक केला. दहा वर्षांपूर्वी टीबीचा पूर्ण कोर्स घेतलेला शेतमजूर, ज्याच्या उजव्या वरच्या लोबमध्ये अजून जखमेचे वण आहेत. कोळशाच्या किंवा मॅंगनीजच्या खाणीतून निवृत्त झालेला कामगार. जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत राबलेला माणूस. शिवाय कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या आसपासची वस्ती. भारतात सीओपीडीचे रुग्ण १९९० मधल्या २.८१ कोटींवरून २०१६ मध्ये ५.५३ कोटींवर गेल्याचा अंदाज २०१८ साली प्रसिद्ध झाला. धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे जगाचं लक्ष वेधणारा मोठा लेख २००९ साली पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी प्रा. पीटर बार्न्स यांच्यासोबत लिहिला. गोल्ड या सीओपीडीबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२३च्या अहवालाने कारणांनुसार वर्गीकरण सुचवलं: जनुकीय, फुप्फुसाच्या वाढीतला दोष, धूम्रपान, जळणाचा धूर व प्रदूषण, संसर्ग, दम्यासोबतचा, आणि कारण न सापडलेला. या यादीतले बहुतेक प्रकार नागपूरच्या एका सकाळच्या ओपीडीत भेटतात. बाहेरचे तयार गट आणून आपल्या रुग्णांवर चिकटवण्यापेक्षा इथे नवं काही सापडण्याची शक्यता म्हणूनच जास्त आहे, असं मला मनापासून वाटतं.

पण तुमच्या नोंदी ते सांगू शकतात का? एक्सेलमधला इओसिनोफिलचा रकाना उघडा. एका ओळीत ४, त्याखाली ३२०, त्याखाली ०.३ असं दिसण्याची दाट शक्यता आहे. पहिला टक्का, दुसरा प्रति घनमिलीमीटर पेशी, तिसरा हजारांत. एकूण पांढऱ्या पेशी ८,००० असतील तर ४ टक्के म्हणजे ३२०च. रक्त जवळपास सारखं, पण संगणकाला तीन टोकाचे रुग्ण दिसणार. मग 'तंबाखू' हा रकाना बघा. 'होय' लिहिलंय, पण तो बिडी ओढतो की खर्रा खातो? नागपुरात हा फरक केला नाही तर तो रकाना जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण खर्रा चघळतात, त्यातून धूर फुप्फुसात जात नाही. 'धूम्रपान: नाही' असं लिहिलेल्या त्या उमरेडच्या बाईंच्या बाबतीत चुलीचा रकानाच नसेल, तर संगणक त्यांना 'कारण नसलेला सीओपीडी' या गटात टाकेल आणि तुम्ही त्याला नवा उपप्रकार म्हणाल. चुलीसमोरचे रोजचे तास गुणिले वर्षं, जळण कोणतं, स्वयंपाकाची खोली बंद की उघडी, गॅस कधी आला आणि आला तरी पाणी तापवायला चूल चालू आहे का, एवढं विचारा. दोन मिनिटं लागतात.

इओसिनोफिलबद्दल आणखी एक. पूर्व विदर्भात हत्तीरोगाचा पट्टा आहे, पोटातल्या जंतांचं प्रमाणही कमी नाही. दोन्हींत इओसिनोफिल वाढतात. ३००ची रेघ जिथे ठरली तिथे ही अडचण फारशी नव्हती. तुमच्या डेटात 'इओसिनोफिलप्रधान' गट निघाला, तर त्यातल्या किती जणांना नुकतंच जंतांचं औषध दिलं होतं आणि किती जणांना द्यायला हवं होतं, हे आधी तपासा. आणि रक्त घेण्याआधी प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी चालू होती का? त्या गोळीने इओसिनोफिल झपाट्याने खाली येतात. गावातल्या डॉक्टरांनी दिलेली 'दम्याची गोळी' पुष्कळदा तीच असते आणि रुग्णाला तिचं नाव माहीत नसतं. पाकीट आणायला सांगा.

वजनाचंही तसंच. पाश्चात्त्य अभ्यासांत बारीक रुग्णांचा गट निघाला की तो आजारामुळे स्नायू झिजण्याचा प्रकार मानतात. आपल्याकडे माणूस आजाराआधीही बारीक असू शकतो. २०१५ साली एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं की सीओपीडी झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांची फुप्फुसं तरुणपणीच कमी क्षमतेची होती. ती नंतर वेगाने ढासळली असं नव्हतं. मेळघाटात किंवा गडचिरोलीत कमी वजनाने जन्मलेल्या मुलांचा विचार करा, म्हणजे या निष्कर्षाचं आपल्यासाठी वजन किती ते कळेल. सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) हाही विदर्भात आहे. सहा मिनिटांच्या चालण्यात रुग्ण मागे पडला तो फुप्फुसामुळे की हिमोग्लोबिन ७ असल्यामुळे, हे कळायला हिमोग्लोबिनचा रकाना हवाच.

स्पायरोमेट्रीच्या खोलीत एकदा दिवसभर बसा. नाकाला क्लिप, तोंडात माउथपीस, आणि तंत्रज्ञ ओरडतो, "फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!" साठीची बाई चार सेकंदांत थांबते, कारण खोकला येतो. आलेखाचं शेपूट तुटतं, एफव्हीसी (एका दमात फुंकलेली एकूण हवा) खोटी कमी येते, मग एफईव्ही-१ आणि एफव्हीसीचं गुणोत्तर खोटं चांगलं दिसतं. ही ओळ इतरांसारखीच तुमच्या एक्सेलमध्ये जाते. म्हणून प्रत्येक आलेख डोळ्यांनी बघून दर्जा द्या, नापास आलेख काढून टाका, भले रुग्ण निम्मे उरोत. यंत्रात अपेक्षित मूल्यांसाठी कोणता संदर्भ निवडला आहे तेही बघा. यंत्र आलं तेव्हा गोऱ्या लोकांचा संदर्भ लावलेला असेल आणि मध्येच कुणी बदलला असेल, तर टक्केवारीत एक खोटी पायरी पडते आणि क्लस्टरिंग ती पायरी इमानदारीत शोधून काढतं. लिटरमधले कच्चे आकडे, उंची, वय आणि लिंग ठेवा. टक्के नंतर एकाच संदर्भाने सगळ्यांचे पुन्हा काढता येतात.

सीटीची कथाही वेगळी नाही. श्वास आत घेऊन काढलेल्या स्कॅनमध्ये उणे ९५० हाउन्सफील्डच्या (सीटीवरच्या घनतेच्या मापाच्या) खालचा भाग म्हणजे एम्फिसेमा, श्वास सोडून काढलेल्यात उणे ८५६च्या खालचा म्हणजे अडकलेली हवा, हे आकडे अमेरिकेतल्या दहा हजारांवर लोकांच्या सीओपीडीजीन अभ्यासात वापरले गेले. तिथे सगळ्या केंद्रांत स्कॅनची पद्धत ठरवून दिलेली होती. तुमचे रुग्ण कुणी मेडिकलमध्ये, कुणी मेयोत (नागपूरची दोन सरकारी रुग्णालयं), कुणी रामदासपेठेतल्या खासगी सेंटरमध्ये स्कॅन काढून आलेले असतील. काप किती जाडीचा, प्रतिमा कोणत्या फिल्टरने तयार केली, यावर तो आकडा बदलतो. गट काढल्यावर त्याच चित्रात ठिपक्यांना स्कॅनरनुसार रंग द्या, मग महिन्यानुसार, मग तंत्रज्ञानुसार. रंग गटांशी जुळले तर तुम्हाला स्कॅनरचे उपप्रकार सापडले आहेत. जुने सीटी बहुतेक फक्त श्वास आत घेतलेले असतील. मग अडकलेल्या हवेबद्दल काहीच बोलू नका.

पद्धतीबद्दल थोडक्यात, कारण आर आणि पायथन दोन्ही मोफत आहेत आणि भाऊ ते सांभाळेल. इओसिनोफिल आणि सीआरपी (रक्तातलं दाहाचं माप) लॉगमध्ये घ्या, नाहीतर चार-पाच टोकाचे रुग्ण सगळा खेळ ठरवतील. एकच गोष्ट तीन रकान्यांत असेल (एफईव्ही-१ लिटरमध्ये, टक्क्यात, गोल्डच्या श्रेणीत) तर तिला तिप्पट मत मिळतं; एक ठेवा. रिकाम्या जागा सरासरीने भरू नका, कारण ज्याचा सीटी नाही तो बहुतेकदा गरीब किंवा दूरचा असतो, आणि ती रिकामी जागाही काहीतरी सांगत असते. प्रमुख घटक विश्लेषण (अनेक मापं थोड्या अक्षांत मांडणं) आधी करा, अक्ष बघा, मग गटांचा विचार करा. के-मीन्सपेक्षा लेटंट क्लास किंवा मिक्श्चर मॉडेल मला बरं वाटतं, कारण ते प्रत्येक रुग्णाची त्या गटात असण्याची शक्यता सांगतं आणि ज्यांची शक्यता पन्नास-पन्नास आहे ते लपत नाहीत. मग बूटस्ट्रॅप: रुग्ण उलटसुलट निवडून शेकडो वेळा तेच करा. जो गट दर वेळी वेगळी माणसं घेऊन येतो तो सोडून द्या.

किती रुग्ण, याला एक सूत्र नाही. दोनशे रुग्ण आणि सहा विचारपूर्वक निवडलेली मापं यांतून काही हाती लागेल. दोनशे रुग्ण आणि साठ रकाने यांतून काही लागणार नाही. जनुकांच्या अभिव्यक्तीपर्यंत (कोणतं जनुक किती सक्रिय आहे इथपर्यंत) जायचं असेल, तर एका रुग्णामागे हजारो रकाने येतात. तिथे रक्तातल्या न्यूट्रोफिलचं (संसर्गात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींचं) प्रमाण आणि स्टेरॉइडच जास्त बोलतात. त्यांचा हिशेब लावल्याशिवाय निघालेला गट म्हणजे बहुतेकदा कालच्या संसर्गाचा गट. तुमच्या टप्प्यावर मी त्या वाटेला जाणार नाही. महागडी तपासणी म्हणजे जास्त माहिती, असंही नाही. मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या एक्लिप्स अभ्यासाने २०१० साली दाखवलं की पुढच्या वर्षी कुणाचा आजार वारंवार बळावेल, हे सगळ्यात चांगलं सांगणारी गोष्ट म्हणजे मागच्या वर्षी किती वेळा बळावला. तो प्रश्न विचारायला एक पैसा लागत नाही आणि तुमच्या नोंदींत तोच सर्वाधिक रिकामा असेल.

भावाला फाइल देण्याआधी एथिक्स कमिटीची मंजुरी घ्या. नाव, मोबाइल, आधार, केस पेपरचा नंबर काढून टाका. छोट्या गावाचं नाव आणि वय मिळूनही माणूस ओळखू येतो, म्हणून गावाऐवजी जिल्हा ठेवा. हे काम घरच्या लॅपटॉपवरचं आहे म्हणून याला सूट नाही.

आता थीसिस. 'विदर्भातल्या सीओपीडीचे उपप्रकार' हा विषय घेऊ नका. तीन वर्षांत होणार नाही, आणि झाला तर दुसऱ्या कुठल्या रुग्णसमूहावर तो पडताळायला तुमच्याकडे वेळ उरणार नाही. त्यातला एक तुकडा नीट धरा. चुलीच्या धुराच्या सीओपीडीत एम्फिसेमा कमी आणि श्वासनलिकांचा आजार, अडकलेली हवा जास्त, असं मेक्सिकोतल्या स्त्रियांच्या अभ्यासांत दिसलं आहे. आपल्याकडे हे खरं आहे का, हा उत्तम प्रश्न आहे. फक्त चुलीवाल्या बायका आणि बिडीवाले पुरुष अशी तुलना केलीत तर फरक धुराचा की बाई-पुरुषाचा, हे कधीच कळणार नाही. बिडी ओढणाऱ्या बाया आणि भट्टीवर, ढाब्यावर, हलवायाकडे आयुष्य काढलेले, न ओढणारे पुरुष मुद्दाम शोधून घ्या. ते थोडेच मिळतील, पण सगळा अभ्यास त्यांच्यावर उभा राहील. टीबी होऊन गेलेल्यांना वगळू नका, वेगळे ठेवा. भारतातल्या ब्रॉन्किएक्टॅसिसच्या (श्वासनलिका कायमच्या रुंदावून कफ साठण्याच्या आजाराच्या) २,१९५ रुग्णांच्या नोंदवहीत सगळ्यात मोठं मूळ कारण टीबीच निघालं होतं, ३५.५ टक्के. सीओपीडी म्हणून पंप घेत असलेल्यांतले काही जण मुळात या गटातले असतील. फक्त त्यांना वेगळं काढून दाखवलंत तरी त्यांचे उपचार बदलतील: थुंकी मोकळी करण्याचे व्यायाम, योग्य वेळी कल्चर, आणि इन्हेलरमधल्या स्टेरॉइडचा फेरविचार.

एफईव्ही-१ साधारण सारखा असलेले रुग्ण जोडीने निवडा, म्हणजे टप्प्याची गल्लत आपोआप कमी होईल. स्पायरोमेट्री आणि दोन्ही श्वासांचे सीटी एकाच यंत्रावर, एकाच पद्धतीने करा. रक्ताची एक नळी उणे ८० अंशांवर साठवता आली तर साठवा आणि पुढच्या जनुकीय तपासणीची संमती वेगळी घ्या, रुग्ण बोलतो त्या भाषेत समजावून. वर्षभराने सगळ्यांना पुन्हा फुंकायला बोलवा, कारण दोन गटांची घसरण वेगवेगळ्या वेगाने होते का, हे एका दिवसाच्या नोंदीतून दिसत नाही. गोंदिया, गडचिरोली, बालाघाटहून येणाऱ्यांचं दुसऱ्या खेपेचं बसभाडं आणि सोबतच्या माणसाची मजुरी पहिल्याच प्रस्तावात बजेट म्हणून धरा. नाहीतर वर्षाने परत येतील ते फक्त शहरातले, आणि चुलीचा धूर खाल्लेले नेमके गळतील.